नवीन ट्रिगर आणि न सापडणारी भिंत: माझा अनुभव

एअर रायफलचा ट्रिगर बदलणं म्हणजे दोन पिना आणि एक स्क्रू. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सगळा वैताग नंतरच्या सेटिंगचा.

निवडताना मी वजनाच्या, म्हणजे ट्रिगर ओढायला लागणाऱ्या जोराच्या, आकड्याला भुललो. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) १० मीटर एअर रायफलमध्ये ट्रिगरला किमान वजनाची अट नाही (एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम आहे), म्हणून जितका हलका तितका बरा, असा हिशेब. चुकीचा. ट्रिगरची ओढ दोन टप्प्यांत असते: आधी सैल ओढ, मग शॉट सुटतो ती. बघायचं ते हे: पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्याचं वजन, पहिल्या टप्प्याची चाल आणि सुटल्यानंतरची चाल, यांना वेगवेगळे स्क्रू आहेत का, आणि ब्लेड (ट्रिगरवर बोट टेकतं तो भाग) पुढे-मागे सरकतं का.

मी थेट ८० ग्रॅमवर गेलो आणि भिंतच गायब. म्हणजे पहिला टप्पा संपून बोट जिथे अडायला हवं, तिथे ते अडेचना. बोट सरळ आत जाई आणि पेलेट (छर्रा) सुटे. वजन वाढवलं, तर ट्रिगर नुसता जड झाला, भिंत आली नाही. आठवडाभर त्याच स्क्रूशी झटत बसलो. खरी गोम सिअरच्या, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत शॉट अडवून धरणाऱ्या आतल्या खटक्याच्या, पकडीत होती. पकड इतकी कमी ठेवली गेली होती की पहिला टप्पा संपता संपताच सिअर निसटत होता. पकडीचा स्क्रू एकअष्टमांश फेरा उलटा फिरवला, पुन्हा तपासलं, पुन्हा एकअष्टमांश. तिसऱ्या खेपेला भिंत बोटाला लागली. कोणती दिशा उलटी, ते प्रत्येक ट्रिगरात वेगळं असतं, म्हणून आधी सोबतचं पत्रक वाचा. (मी नंतर वाचलं.) मग १२० ग्रॅम एकूण, त्यातले ७० पहिल्या टप्प्यात आणि ५० दुसऱ्यात, अशी वाटणी केली. पहिल्यात जास्त भार असला की भिंतीवर बोट निवांत टेकतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: हात लावण्यापूर्वी रायफल रिकामी, नळी सुरक्षित दिशेला, आणि प्रत्येक स्क्रूच्या मूळ जागेवर रंगाची खूण. प्रत्येक बदलानंतर कॉकिंग लिव्हर (रायफल ताणायचा दांडा) जोरात बंद करून दस्त्यावर तळव्याने दहा-बारा थापा मारा. एकदा जरी ट्रिगर आपोआप सुटला, तरी पकड वाढवा. त्या सेटिंगवर पेलेट भरायचा नाही. सुटल्यानंतरची चाल अगदी शून्यावर आणू नका, सिअर घासतो. सुटण्याच्या बिंदूपासून पाव फेरा मोकळा ठेवा. आत तेल ओतू नका, ते धूळ धरून चिकट होतं.

वजन मोजायचं तर नळी उभी धरून ब्लेडला वजनं टांगा.

सवयीला मात्र वेळ लागतोच. जुन्या ट्रिगरची ओढ बोटात असते, म्हणून निम्मे शॉट नेम बसण्याआधी सुटतात. टार्गेट न लावता पांढऱ्या भिंतीवर रोज चाळीस ड्राय फायर (पेलेट न भरता ट्रिगर ओढणं), बोटाच्या पेराचा मध्य ब्लेडवर, बाकी बोट दस्त्याला न लागता. बोटं गार पडली की ट्रिगरची भिंत कळत नाही. तेव्हा मी सरळ २० ग्रॅम वाढवतो.