बुरशी, काका आणि आम्ही

पीएचडीसाठी बॉटनीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये (झाडाच्या बारीक तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवतात तिथे) आले तेव्हा वाटलेलं की दिवसभर मायक्रोस्कोपमधून पेशी बघायच्या, प्रत्यक्षात पहिले दोन महिने बाटल्या घासण्यातच गेले. त्यात ओतायचं ते एमएस मीडियम, रोपांचं खाणंच ते, म्हणजे मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या टिश्यूसाठी काढलेला फॉर्म्युला, आम्ही केळीलाही तोच वापरतो. साखर असते त्यात, ३ टक्के, त्यामुळे बुरशीला तर आयतं जेवणच.

लॅबचे खरे मालक म्हणजे आमचे अटेंडंट काका. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने जंतू मारणारा मोठा कुकरच, १२१ डिग्रीला, १५ पाउंड प्रेशर, वीस मिनिटं, हे आम्ही वहीत लिहून ठेवलेलं, आणि काका नुसत्या वाफेच्या आवाजावरून सांगणार, "ताई, झाकण नीट बसलं नाही बघा." एकदा मी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी ग्रोथ रूममध्ये चाळीस बाटल्यांवर काळपट कापूस! काका काहीच बोलले नाहीत, बघून गेले फक्त, तेच जास्त लागलं.

आमची सीनियर वेगळीच, एकदा लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेली जंतुविरहित हवा सोडणाऱ्या कपाटासमोर, बसली की मौनव्रत. कारण बोललं की तोंडातले जंतू बाटलीत. पण बाहेर आली की दोन तासांचं साचलेलं सगळं एका दमात सांगते, तेही डबा खाता खाता.

मॅडम मात्र रोज एकच विचारतात, "मीडियमचा पीएच चेक केलास? ५.८?" हो मॅडम. केलाय. आज खरंच केलाय.