लंडनची सनद आणि लक्झेंबर्गचं कोर्ट

बडोद्यात लॉ करणारी आपली मराठी मुलं युरोपियन कायद्यात करिअर करायचं म्हणतात, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लंडन असतं. बॅरिस्टर व्हायचं तर विलायतेलाच जायचं, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पण या एका विषयापुरता हा हिशेब आता चुकतो.

ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला. त्यानंतर ब्रिटन युरोपियन युनियनच्या कायद्याबाहेर गेलं. युनियनचं न्यायालय लक्झेंबर्गला आहे; तिथे अशिलाची बाजू मांडायला युरोपियन युनियनच्या किंवा युरोपियन आर्थिक क्षेत्राच्या एखाद्या सदस्य-देशात वकिलीची सनद असावी लागते. नुसती इंग्लंडची सनद तिथे चालत नाही. शिवाय खरी अडचण त्याआधीच येते. बॅरिस्टर होण्याचा बार कोर्स फी भरून होतो, पण पुढची बारा महिन्यांची प्युपिलेज, म्हणजे बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, स्पर्धेतून मिळवावी लागते आणि जागा फार थोड्या. कोर्स झाल्यावर पाच वर्षांत ती सुरू झाली नाही, तर गाडी अडते.

इंग्रजीतून, कॉमन लॉच्या म्हणजे आधीच्या निकालांवर चालणाऱ्या इंग्रजी पद्धतीने शिकायचं असेल तर डब्लिनचा विचार जरूर करा; आयर्लंड युनियनमध्येच आहे. तिथल्या किंग्ज इन्स या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेची प्रवेशपरीक्षा, बॅरिस्टर-ॲट-लॉ ही पदवी, मग अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली वर्षभर डेव्हिलिंग, म्हणजे उमेदवारी. त्या वर्षात पगाराची आशा धरू नये. घरून तेवढी तजवीज हवी.

प्राध्यापकीचा रस्ता वेगळा. काही देशांत कायद्याच्या प्राध्यापकांना कोर्टात उभं राहता येतं, आणि अशांना लक्झेंबर्गचं दारही उघडं असतं. मात्र ते त्या देशाचे नागरिक असावे लागतात. भारतीय पासपोर्टवर ही सवलत नाही, हे आधीच ध्यानात ठेवा. फ्रेंचही आत्ताच सुरू करा, कारण न्यायाधीशांचं आपसातलं काम त्याच भाषेत चालतं. आणि अर्जात लक्झेंबर्गच्या जागी स्ट्रासबर्ग लिहू नका! मानवाधिकारांचं ते कोर्ट संपूर्ण वेगळ्या संस्थेचं आहे.

वाचायला सुरुवात १९६३ च्या व्हॅन गेंड एन लूस या खटल्यापासून करा. केमिकलच्या कारखान्यांच्या आपल्या गावाला तो खटला लगेच कळेल. जर्मनीहून आलेल्या युरिया-फॉर्माल्डिहाइडवर डच कस्टम्सने ३ ऐवजी ८ टक्के शुल्क लावलं, आणि आयातदार डच न्यायाधिकरणाकडे गेला. त्या न्यायाधिकरणाने लक्झेंबर्गला प्रश्न विचारला, की युरोपियन आर्थिक समुदायाच्या स्थापना-करारातलं कलम सामान्य माणसाला थेट वापरता येतं का? उत्तर आलं, येतं. शुल्काचा निकाल मात्र पुन्हा डच न्यायाधिकरणानेच द्यायचा. प्रश्न पाठवण्याची ही सोय आज युनियनच्या कामकाजाच्या करारातल्या कलम २६७ मध्ये आहे. हे न कळल्यामुळे विद्यार्थी लक्झेंबर्गला अपील कोर्ट समजून बसतात.

निकाल यूर-लेक्स या युनियनच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिथे प्रत्येक कागदाला सेलेक्स क्रमांक असतो. वरच्या खटल्याच्या क्रमांकात आधी ६, म्हणजे न्यायनिर्णय. मग १९६२ हे खटला दाखल झाल्याचं वर्ष, निकालाचं नव्हे. मग सीजे, म्हणजे कोर्ट ऑफ जस्टिसचा निकाल, आणि शेवटी ००२६ हा खटल्याचा क्रमांक.

एलएलएमच्या प्रबंधाला विषय हवा असेल तर स्पर्धा कायदा घ्या, म्हणजे बाजारातली मक्तेदारी आणि संगनमत रोखणारा कायदा. आपल्या २००२ च्या कायद्यातली कलमं ३ आणि ४ युनियनच्या त्याच करारातल्या कलम १०१ आणि १०२ शी पुष्कळ जुळतात. अँड्रॉइडवरून गूगलला युरोपियन कमिशनने २०१८ मध्ये दंड केला, भारताच्या स्पर्धा आयोगाने (सीसीआय) २०२२ मध्ये. दोन्ही आदेश शेजारी ठेवून आधी बाजारपेठेच्या व्याख्येचे परिच्छेद वाचा.