दारूगोळ्याच्या बोटीवरचे मोठे आबाजी

आज आर्वीकडं आजीला भेटायला गेलो होतो. कापसाच्या भावावरून बोलणं निघालं आणि गाडी थेट मोठ्या आबाजींवर गेली. दुसऱ्या महायुद्धात ते मालवाहू बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. वर्धा नदीपलीकडं पाणी न पाहिलेला माणूस, आणि बोटीत काय, तर बॉम्ब! पगार गोऱ्या खलाशाच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा.

"इकडं भट्टी धडधडे, तिकडं दारू भरलेली. झोप कायची लागते बापा," असं ते आजीला सांगत.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' फुटली. आबाजी त्या बोटीवर नव्हते, पण तिचं नाव निघालं की भडकायचे. सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि त्याच बोटीत कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी! दुपारी धूर दिसला, चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यात आग विझवायला धावलेले बंबवालेही. धोक्याचा लाल झेंडासुद्धा लावलेला नव्हता म्हणे.

"गठाण आतल्या आत धुमसते, हे आपल्या जिनिंगवरच्या पोरालेबी ठावं. साहेबाले कसं नाही समजलं?" हा त्यांचा सवाल. मला तरी बिनतोड वाटतो.

फौजेत नव्हते, म्हणून पेन्शन नाही. गावात माजी सैनिकांच्या सत्कारात त्यांचं नाव कधी आलं नाही. विदर्भातून असं बोटीवर गेलेलं तुमच्या घरात कोणी होतं का? असेल तर लिहा.