लेक स्ट्रायकर, कॉलेज अमेरिकेतलं: माझा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात माझ्या मुलीचा कॉलेज सॉकरचा, म्हणजे फुटबॉलचा, दुसरा हंगाम संपला. न्यू इंग्लंडमधल्या एका छोट्या कॉलेजच्या महिला संघात ती स्ट्रायकर खेळते. आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. इथल्या बऱ्याच मराठी घरांतल्या मुली आता क्लबकडून खेळतात. त्या नववी-दहावीत गेल्या की पुढं काय करायचं, कुणाला विचारायचं, ते आयांना कळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या भागात वाढलेल्या मुलीचं स्वप्न ठरलेलं असतं. अमेरिकेची गाजलेली फुटबॉलपटू मिया हॅम जिथं खेळली आणि 103 गोल करून गेली, ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ घरापासून अर्ध्या तासावर. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिचा सर्वांत वरचा विभाग म्हणजे डिव्हिजन वन, आणि लेकीला तिथंच जायचं होतं. या विभागात कोचला मुलीशी थेट बोलायची मुभा दहावी संपल्यावर 15 जूनपासून मिळते. त्याआधी मुलीनं कितीही ईमेल पाठवल्या तरी कोच भरतीबद्दल उत्तर देऊ शकत नाही. कॅम्पची माहितीपत्रकं तेवढी येतात. ती ढिगानं सगळ्यांनाच जातात, त्यावरून कोचला आपली मुलगी आवडली असं समजू नये. कॅम्पला पैसे भरावे लागतात, तेव्हा ज्या कॉलेजात खरंच जायचंय तिथंच जावं.

ईमेल सगळ्या तिनंच लिहिल्या. विषयाच्या ओळीत शाळा संपायचं वर्ष, मैदानावर खेळायची जागा आणि क्लब. आत मॅचची वेळ, मैदानाचा नंबर, जर्सीचा नंबर आणि व्हिडिओची लिंक. आईबापांनी लिहिलेली पत्रं कोचना लगेच ओळखू येतात. त्यांना मुलगी स्वतः कशी बोलते ते ऐकायचं असतं.

माझे बाबा कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघण्यात त्यांचा जन्म गेला. नातीचा फोन आला की पहिला प्रश्न, "गोल किती मारलेस?" कॉलेजचे कोच मात्र गोलांच्या आकड्याला सहज भुलत नाहीत. चौदाव्या वर्षी नुसत्या वेगावर खोऱ्यानं गोल करणाऱ्या मुली खूप असतात. कॉलेजात समोर बावीस वर्षांची, अंगानं भरलेली डिफेंडर उभी राहते आणि तो वेग निम्मा होतो. म्हणून कोच बाकीचं बघतात. पाठीवर डिफेंडर असताना पहिल्या टचला चेंडू कुठं जातो? चेंडू गमावल्यावर पुढचे चार-पाच सेकंद मुलगी काय करते? क्रॉस येणार नाही हे दिसत असतानाही ती जवळच्या खांबाकडं धावते का?

कॉलेजचे कोच खेळाडू हेरायला येतात अशा एका शोकेस स्पर्धेतला प्रसंग मला पक्का आठवतो. टचलाइनच्या पलीकडं घडीच्या खुर्च्या टाकून कोच बसले होते, मांडीवर वही. चेंडू आमच्याच गोलपाशी, सगळे पालक तिकडं बघून ओरडत होते. एक कोच मात्र मान उलट्या बाजूला वळवून आमच्या लेकीकडं बघत होती. लेक एकटीच मधल्या रेषेवर होती. दोन पावलं मागं, एक डावीकडं, खांद्यावरून मागं नजर, परत दोन पावलं. कोचनं वहीत काहीतरी टिपलं. त्या संध्याकाळी लेकीनं आपल्या व्हिडिओत नुसत्या गोलांच्या जागी प्रेसिंगचे (समोरचीवर धावून जाऊन चेंडू हिसकावण्याचे) आणि चेंडू धरून ठेवण्याचे तुकडे घातले, प्रत्येकाच्या सुरुवातीला स्वतःभोवती एक वर्तुळ काढून.

15 जून 2022 उजाडला आणि डिव्हिजन वनमधून काही फोन आले. पण ते दिवस शाळेतून येणाऱ्या मुलींना अवघड होते. कोविडमुळे 2020 च्या खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालं होतं, त्यामुळं संघ आधीच भरलेले. त्यात ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. कोचला दुसऱ्या कॉलेजातली तयार, एकविशीची स्ट्रायकर मिळत असेल तर सतरा वर्षांच्या मुलीवर तो कशाला वेळ घालवेल? एका मोठ्या विद्यापीठाशी महिनोन् महिने बोलणं चाललं, आणि एक दिवस उत्तरं यायचीच बंद झाली. लेक आठवडाभर जेवणाच्या टेबलावर गप्प असायची. मला आजही त्याचा राग आहे. नाही म्हणायला दोन ओळी पुरतात.

शिष्यवृत्तीबद्दलही आपल्याकडं मोठे गैरसमज आहेत. तेव्हा डिव्हिजन वनच्या महिला संघाला जास्तीत जास्त 14 पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या, आणि कोच त्या तुकडे करून दुपटीएवढ्या मुलींत वाटायचे. 2025 पासून खेळाडूंना थेट पैसे देऊ देणाऱ्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरली नाही, पण संघात 28 च मुली ठेवता येतात. म्हणजे बाकावरच्या जागा आणखी कमी.

मग आम्ही एनसीएएच्याच तिसऱ्या विभागाकडं, डिव्हिजन थ्रीकडं वळलो, आणि माझ्या मते मराठी घरांनी हा रस्ता आधीपासून बघायला हवा. इथं खेळासाठी शिष्यवृत्ती अजिबात नसते. गुणवत्तेवर किंवा घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. खाजगी कॉलेजचा वर्षाचा छापील खर्च 80,000 डॉलरच्या वर जातो, तो आकडा बघून घाबरू नका. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर मदत वजा जाता आपल्याला किती भरावं लागेल ते सांगणारा 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असतो, तो आधी भरा. बारावी सुरू होण्याआधीच्या जुलैत कोच मुलीचे गुण आणि विषय प्रवेश विभागाला दाखवतात. याला प्री-रीड म्हणतात. तिथून हिरवा कंदील मिळाला आणि कोचनं पाठिंबा द्यायचं ठरवलं, तर मुलगी नोव्हेंबरात अर्ली डिसिजनचा अर्ज करते. तो बांधून घेणारा असतो, प्रवेश मिळाला की जावंच लागतं. तेव्हा पैशाचा हिशेब जुलैतच व्हायला हवा. आमचं उत्तर डिसेंबर 2023 मध्ये आलं. तिला न्यूरोसायन्स आणि सॉकर दोन्ही हवं होतं, ते एकाच ठिकाणी मिळालं.

पहिल्या वर्षी ती बहुतेक पहिल्या हाफच्या मध्यावर मैदानात उतरायची. कॉलेजचे नियम वेगळे आहेत: पहिल्या हाफमध्ये बाहेर काढलेली खेळाडू त्या हाफमध्ये परत येत नाही, दुसऱ्या हाफमध्ये एकदा येऊ शकते. त्यामुळं कोच पुढची फळी सारखी बदलतात. दमलेल्या डिफेंडरच्या अंगावर ताज्या मुली सोडायच्या आणि चेंडू त्यांच्याच गोलजवळ हिसकावायचा. तिचं खरं काम हेच ठरलं. दुसऱ्या हंगामात ती सुरुवातीच्या अकरात आली. बाबा आता मॅचचं प्रक्षेपण कोल्हापुरात रात्री जागून बघतात, आणि फोनवर तिनं डिफेंडरला कोपऱ्यात कसं कोंडलं ते तिलाच समजावून सांगतात.