रिकामं गॅरेज गरम का ठेवते? तुम्ही विचारलंत म्हणून

"गॅरेजात तर कोणीच नाही, मग हीटर कुणासाठी चालू आहे?" पाहुणे विचारतात, शेजारी विचारतात, भावजी तर दर हिवाळ्यात नव्याने विचारतात. आजवर "असू दे हो, सवय झालीय" म्हणून वेळ मारून नेली. पण या प्रश्नाच्या पाठोपाठ जो सल्ला येतो, "कामाला लागायच्या आधी तासभर लावत जा, तेवढं पुरतं," तो ऐकला की माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते.

गॅरेज ही माझी सुतारकामाची जागा, आणि हीटर लाकडासाठी चालू आहे. टेबल सॉच्या, म्हणजे टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीच्या, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाटासाठी, ग्लूसाठी, बॅटऱ्यांसाठी चालू आहे. माझा नंबर त्यांच्यानंतर.

आणि तासभराचा सल्ला मी पाळून बघितलाय. अगदी तुम्ही सांगता तसा. गॅसचा हीटर भावजींनीच आणून दिला होता. "वहिनी, दहा मिनिटांत घाम फुटेल," म्हणाले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. भाचीच्या अभ्यासाच्या टेबलाचा वरचा पाट जोडायचा होता, लांब फळ्या कडेला कड लावून. मी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला, दार चार बोटं उघडं ठेवलं, हीटर पेटवला आणि घरात येऊन बसले. तासाभराने गेले तर भिंतीवरचा थर्मामीटर 18 अंश दाखवत होता. स्वेटर काढून ठेवला. फळ्यांच्या कडा रंध्याने आदल्या आठवड्यातच सरळ करून ठेवल्या होत्या. ग्लू लावला, क्लॅम्प आवळले, सांध्यातून ग्लूचे थेंब एका रेषेत बाहेर आले. याहून देखणं दृश्य आमच्या कामात दुसरं नाही. काम संपलं, हीटर बंद केला, झोपायला गेले.

सकाळी आधी टेबल सॉ दिसला. पाटावर नारिंगी गंजाची साय धरली होती. आदल्या दिवशी पाटावर गुण्या राहिला होता. तो उचलला तर खाली त्याचा काटकोन उमटलेला, कडेने गडद. क्लॅम्पचे दांडे, पटाश्यांची पाती, सगळ्यांवर थोडं थोडं तेच. मग ग्लूकडे लक्ष गेलं. सांध्यातून आलेले थेंब वाळून पिवळट, काचेसारखे कडक व्हायला हवे होते. ते खडूसारखे पांढरे पडले होते, नखाने दाबले की भुगा. तरी मी क्लॅम्प सोडले. पाट एका बाजूने उचलला आणि मधला सांधा उघडला. आवाजही फारसा झाला नाही. चांगला सांधा तुटतो तेव्हा लाकडाचे तंतू फाटतात, एका फळीची शकलं दुसरीला चिकटून येतात. इथे दोन्ही कडा स्वच्छ, रंधा मारल्यावर होत्या तशाच, वर पांढरी पूड. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले. नवरा चहाला बोलवायला आला, बघितलं आणि काही न बोलता परत गेला. टेबल ठरल्या दिवशी गेलं नाही.

काय झालं ते नंतर नीट समजून घेतलं. तासाभरात हवा तापते. लाकूड आणि बीड तापत नाही. भिंतीवर 18 अंश असताना माझ्या फळ्या आतून 4-5 अंशांवर असणार. ग्लूच्या बाटलीवर किमान तापमान छापलेलं असतं. नेहमीच्या पांढऱ्या-पिवळ्या ग्लूंना ते प्रकाराप्रमाणे साधारण 8 ते 13 अंश लागतं, आणि ते हवेइतकंच लाकडालाही लागू असतं. पाणी उडून गेल्यावर ग्लूचे बारीक कण एकमेकांत मिसळून त्यांचा सलग पापुद्रा व्हायला हवा. गारठ्यात ते मिसळतच नाहीत, सुटे वाळतात. त्यात हीटर बंद केल्यावर रात्रभर सगळं पुन्हा गार होत गेलं.

गंजाचं कारण तर खुद्द हीटरच. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं, 1 किलो गॅसमागे सुमारे 1.6 किलो. धुराडं नसलेला 9 किलोवॅटचा हीटर 3 तास चालवलात की 3 लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीत आलं. थंडीतून घरात शिरल्यावर चष्म्यावर येते ती वाफ दीड-दोन मणांच्या गार बिडावर धरते, एवढाच फरक. चष्मा निदान पुसता येतो. शिवाय उघडी ज्योत, हवेत लाकडाची धूळ आणि कोपऱ्यात पॉलिशचे डबे, हे त्रिकूट मला तेव्हाही पसंत नव्हतं.

"मग विजेचा हीटर तासभर लाव." लावला की. पाणी वाढत नाही, पण गार लाकूड गारच राहतं.

म्हणून आता 5 किलोवॅटचा विजेचा हीटर थर्मोस्टॅटवर 10 अंशांना लावून ठेवलाय. काम असलं की सकाळीच 16 करते, संध्याकाळपर्यंत फळ्याही वर येतात. त्याआधी मोठ्या दाराच्या खालची रबरी पट्टी बदलली, कडेच्या फटी बुजवल्या, दाराच्या आतून फोमचे तक्ते बसवले, छतावर उष्णता अडवणारं रॉकवूल घातलं. ही कामं बिनहौशी, कुणी कौतुक करत नाही, पण हीटर विकत घेण्याआधी करायची ती हीच. भुस्सा ओढणाऱ्या यंत्राची हवा बाहेर सोडत होते, तीही बारीक फिल्टरमधून आतच वळवली. तासाला 1000 घनमीटर हवा बाहेर फेकलीत आणि आतबाहेर 16 अंशांचा फरक असला, तर 5 किलोवॅटहून जास्त उष्णता बाहेर जाते. म्हणजे माझा अख्खा हीटर अंगण तापवणार.

बिल येतं. हो, येतं. तुम्हाला भरावं लागत नाही, तेव्हा सोडून द्या.

हे जरा तोडून बोलले, कारण बिलाच्या बाबतीत माझी बाजू लंगडी आहे. पूर्वीची मी, जी रिकाम्या खोलीतला दिवासुद्धा बंद करत फिरायची, ती आजही ऐकवते: पाटाला मेण चोळ, वर चादर घाल. ग्लू, पाण्यातलं पॉलिश आणि बॅटऱ्या घरात ने. शून्याखाली बॅटरी चार्ज करू नये हे खरं, पण त्यासाठी गॅरेज कशाला तापवायला हवं, स्वयंपाकघरात चार्ज होतात की. फळ्या आदल्या रात्री पलंगाखाली सरकव आणि पाट दिवाणखान्यात जोड. ती चुकीचं बोलत नाही. भाचीचा पाट शेवटी दिवाणखान्यातच जोडला, सोफा भिंतीला लावून, आणि तो आजवर हललेला नाही.

तिला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते वर लाकूड-बीड म्हणून जे सांगितलं त्यात बसत नाही. गॅरेज गार असलं की मी तिथे जातच नाही. फळ्या आणा, न्या, बोटं आखडल्यावर करवतीपासून लांब राहा, या कटकटीत हिवाळाच्या हिवाळा जायचा. दार उघडल्यावर अंगावर गारठा आला नाही, तर पाच मिनिटांसाठी गेलेली मी जेवणाच्या हाकेपर्यंत तिथे असते. हे चैनीत मोडतं का? मोडत असेल.

आणि सतत तापवण्याचाही त्रास आहेच. उणे 10 अंशांची हवा आत येऊन 15 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली जाते. फळ्या आक्रसतात, मागच्या हिवाळ्यात ड्रॉवरचा तळ एका बाजूने फाटला. हवेत पाणी सोडावं तर बिडाची काळजी. बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा लहान हीट पंप बसवा म्हणतात. खाल्लेल्या विजेच्या मानाने दुप्पट-तिप्पट उष्णता देतो, पण कडाक्याच्या थंडीत नेमका ढेपाळतो, आणि त्याच्या जाळ्या धुळीने बुजतात. त्याचा विचार चालू आहे, गेली बरीच वर्षं.

सध्या नवरा जाता-येता थर्मोस्टॅट 7 वर आणतो आणि मी परत 10 करते. 7 वर गंज येत नाही हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण ग्लू लागत नाही.