टोकन आमचं, गेला पासवर्ड

"तुमच्याकडे चालतं, मग माझ्याकडेच ४०१ का?" टीममध्ये येऊन जेमतेम आठवडा झालेल्या मुलाने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ४०१ म्हणजे सर्व्हरचं उत्तर: ओळख पटली नाही. कोड तोच, टोकन (ओळख पटवणारी गुप्त खूण) तेच, वेबवर विनंत्या पाठवणाऱ्या पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीची आवृत्तीही तीच. ग्राहकाच्या एपीआयला (प्रोग्रामसाठी उघडलेल्या सेवेला) तेच टोकन कर्ल या कमांडने हाताने दिलं, तर मुकाट्याने २००, म्हणजे 'ठीक'.

लॉगमध्ये काही दिसत नव्हतं, आणि ती करणी माझीच. लॉगमध्ये गुपितं सांडू नयेत म्हणून ऑथोरायझेशन हेडर (विनंतीबरोबर ओळख नेणारी ओळ) सगळाच्या सगळा फुल्यांनी झाकणारा रॅपर, म्हणजे लायब्ररीभोवतीचा कोड, मी लिहिला होता. केवढा अभिमान होता त्याचा! टोकनची मुदत, लॅपटॉपचं घड्याळ, प्रॉक्सी (बाहेर जाणारे कॉल ज्यातून जातात तो मधला सर्व्हर) असं सगळं उकरण्यात दीड तास गेला. मग रॅपर बाजूला काढला आणि प्रत्यक्षात रवाना झालेले हेडर छापले.

आम्ही घातलं होतं 'बेअरर', म्हणजे टोकनने ओळख देण्याची पद्धत, आणि पुढे टोकन. गेलं होतं 'बेसिक' ही दुसरीच पद्धत आणि पुढे भलतंच काही. बेसिकमध्ये कसलंही कुलूप नसतं, नुसतं बेस६४ असतं, कोणालाही उलटवता येईल असं रूपांतर. टर्मिनलमध्ये उलटवलं, तर त्याचं युजरनेम, कोलन आणि पासवर्ड. मी नजर वळवली, पण वाचून झालं होतं.

"हा माझा गिटचा पासवर्ड आहे!"

"कुठे ठेवलायस?"

होम फोल्डरमध्ये, डॉट नेटआरसी या फाइलमध्ये. कोड साठवायचं गिट दर वेळी पासवर्ड विचारतं म्हणून. ही फाइल एफटीपीच्या जमान्यातली: सर्व्हरचं नाव, लॉगिन, पासवर्ड. कॉलमध्ये 'ऑथ' हा पर्याय दिलेला नसेल तर रिक्वेस्ट्स आपणहून ही फाइल उघडते, आणि तिथे काही सापडलं तर तुम्ही हाताने घातलेल्या ऑथोरायझेशन हेडरवर तेच चढवते. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्वच्छ लिहिलंय. मी इतकी वर्षं ती लायब्ररी वापरतेय, ते वाक्य त्या दिवशी वाचलं.

पण या फाइलमध्ये ग्राहकाच्या सर्व्हरचं नाव कुठे होतं? नव्हतंच. आमचे गिट सर्व्हर दोन, पासवर्ड एकच, म्हणून पठ्ठ्याने नावांऐवजी 'डिफॉल्ट' लिहिलं होतं. म्हणजे ज्या सर्व्हरची वेगळी नोंद नाही, त्या प्रत्येकाला हेच.

तेव्हा कुठे माझ्या पोटात गोळा आला. ४०१ देणाऱ्याने निदान आम्हाला थांबवलं तरी. हीच स्क्रिप्ट चलनाचे दर एका सार्वजनिक सेवेकडून आणते. तिला लॉगिन लागत नाही, त्यामुळे ती तीन दिवस निमूट २०० देत होती आणि दर वेळी पासवर्ड घेत होती. मेल आणि पगारपत्रकालाही तोच पासवर्ड. त्याने जागेवरच तो बदलला.

दुरुस्तीही सरळ झाली नाही. मी सेशनवर 'ट्रस्ट एन्व्ह' (मशीनवरची सेटिंगं आपणहून वाचण्याची मुभा) बंद केलं, तर नेटआरसीबरोबर ऑफिसच्या प्रॉक्सीची सेटिंगंही गेली आणि सगळे कॉल लटकले. शेवटी टोकन घालणारा पाच-सहा ओळींचा ऑथ क्लास लिहून तो 'ऑथ'मधून दिला. तो मिळाला की लायब्ररी नेटआरसीकडे फिरकत नाही. लॉगमध्ये आता फुल्यांआधी 'बेसिक' की 'बेअरर' एवढं दिसतं.

संध्याकाळी आम्ही दोघं ग्राहकाला मेल लिहायला बसलो: आमच्याकडून एक पासवर्ड तुमच्या सर्व्हरवर आला आहे, लॉगमध्ये असेल तर कृपया पुसा. विषयाची ओळ तीनदा खोडली.