स्वभाव म्हणून सोडून दिलेला आजार

पुणे, रविवार, रात्र

दादाच्या बँकेतल्या खातेनिहाय चौकशीला द्यायच्या उत्तराचा मसुदा वहिनींनी आज मला वाचायला दिला. कामाच्या वेळेत परवानगीशिवाय शाखेबाहेर जाणे, ग्राहकांशी व वरिष्ठांशी उद्धटपणे वागणे, कागदपत्रे न तपासता कर्जप्रकरणांवर सह्या करणे असे ठपके आरोपपत्रात आहेत आणि वहिनींनी त्यांपैकी एकही नाकारलेला नाही. प्रत्येक ठपक्यासमोर त्यांनी तारीख घातली आहे, त्या सुमारास घरात काय चालले होते ते लिहिले आहे आणि शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांचे पत्र व मेंदूचे कामकाज दाखवणाऱ्या पेट स्कॅनचा अहवाल जोडला आहे. असेच एक आरोपपत्र आमच्या नात्यागोत्यातही कित्येक वर्षे तोंडोतोंडी फिरत होते आणि त्याला उत्तर देण्याची सोय मात्र कोणालाच नव्हती, हे वाचताना सारखे मनात येत राहिले.

दादाला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे. या आजारात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांमागचा भाग हळूहळू झिजत जातो. बहुतेकांना तो 45 ते 65 या वयात, म्हणजे माणूस नोकरीत असताना, मुले शिकत असताना आणि घराचे हप्ते चालू असताना गाठतो. दादाची तर पन्नाशी नुकतीच उलटली होती. ज्या प्रकारात आजाराची सुरुवात वागणुकीपासून होते त्यात स्मरणशक्ती पहिली काही वर्षे बरीचशी शाबूत राहते आणि त्यामुळेच सगळ्यांची दिशाभूल होते. दादाला आजही जुन्या खातेदारांचे खाते क्रमांक तोंडपाठ आहेत, आणि दवाखान्यात घेतलेल्या 30 गुणांच्या चाचणीत त्याने तारीख, वार, वजाबाकी, वस्तूंची नावे सगळे बरोबर सांगितले होते. समोरच्याला काय वाटेल याची जाण, मनात आलेली गोष्ट रोखून धरण्याची ताकद आणि आपणहून एखादे काम हाती घेण्याची इच्छा यांचे मोजमाप त्या चाचणीत फारसे होत नाही, आणि दादाचे गेले होते ते नेमके हेच.

हा दादा म्हणजे कोण होता, ते लिहून ठेवले पाहिजे. बाळंतपणानंतर मला माहेरी आणताना सबंध रस्ताभर रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगणारा, गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला मध्यरात्रीदेखील स्वारगेटवर घ्यायला जाणारा, आईचे पाय दुखतात म्हणून रोज संध्याकाळी तेलाची वाटी गरम करून आणणारा माणूस. त्याच आईच्या दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंडाला कावळा शिवत नव्हता. गुरुजींनी आईची काही इच्छा राहिली असेल तर बोला असे सांगितले आणि मावशी हात जोडून एकेक गोष्ट बोलून दाखवू लागली. तेवढ्यात ज्याच्या हातून सारे विधी चालले होते तो दादा उठला, ‘अजून किती वेळ? मला भूक लागली आहे,’ असे मोठ्याने म्हणाला आणि पिंडाजवळच्या पानातला लाडू उचलून त्याने तिथेच खाल्ला. त्याच्या चेहऱ्यावर ना दुःख होते ना संकोच. मावशीचे हात तसेच जोडलेले राहिले. घाटाच्या पायऱ्या चढताना काका म्हणाले, ‘स्वभावाला औषध नाही.’ आईच्या माघारी त्याचे खरे रूप बाहेर पडले, असा निवाडा त्या दिवशी झाला आणि मावशीने त्यानंतर त्या घरात पाऊल ठेवले नाही.

गोड खाण्याची अनावर ओढ आणि दुसऱ्याच्या दुःखाने आत काहीच न हलणे ही दोन्ही या आजाराची ठळक लक्षणे आहेत. ती एका ओळीत लिहिता येतात, पण ज्याच्या घरात ती येतात त्याला ती लक्षणे म्हणून दिसत नाहीत. हात थरथरला, पाय अडखळला, माणूस रस्ता चुकला की आपल्या मनात डॉक्टरचा विचार येतो. माणूस निष्ठुरपणे वागला की आपल्याला राग येतो, आणि ज्याच्यावर आपण रागावलो आहोत तो आजारी असेल हे मन लवकर कबूल करत नाही.

निदानाला अर्थातच वेळ लागला. आधी नैराश्य सांगितले गेले, कारण दादा दिवसभर सोफ्यावर बसून राही. मग तो वाटेल त्याला पैसे देऊ लागला तेव्हा बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी नैराश्य असा मानसिक आजार, म्हटले गेले आणि गोळ्या बदलल्या. यात डॉक्टरांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांना आधी एखादा मानसिक आजार असल्याचेच सांगितले गेले होते. आमच्या बाबतीत शंका आली तीही एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंना. त्यांनी दादाशी थोडेच बोलून त्याला बाहेर बसवले आणि वहिनींना विचारले, ‘दहा वर्षांपूर्वी हे कसे होते, ते मला सावकाश सांगा.’ त्या एका प्रश्नाने जे काम केले ते तोवर कोणत्याही तपासणीने केले नव्हते. पुढे मेंदूविकारतज्ज्ञ, एमआरआय, पेट स्कॅन हे सगळे क्रमाने झाले आणि मेंदूच्या पुढच्या भागातले कामकाज मंदावले असल्याचे अहवालात स्पष्ट आले.

मन आणि मेंदू यांचे दवाखाने वेगळे असावेत, याचा त्रास अशा कुटुंबांना फार होतो. प्राग येथे 1892 मध्ये अर्नोल्ड पिक यांनी या जातीच्या आजाराचे पहिले वर्णन केले आणि पुढे बराच काळ तो पिक यांच्याच नावाने ओळखला गेला. पिक मानसोपचाराचे प्राध्यापक होते; ज्यांच्या नावाने विस्मरणाचा आजार ओळखला जातो ते आलोईस आल्झायमर हेदेखील मानसोपचाराचेच डॉक्टर होते. वेड्यांची इस्पितळे म्हणून ज्यांना लोक नाके मुरडत, तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांकडे बारकाईने पाहिले म्हणून मेंदूचे हे आजार जगाला कळले. मानसोपचाराचे नाव काढताच अजूनही आवाज खाली घेणाऱ्या आमच्या नातेवाइकांना हे कोणीतरी सांगायला हवे.

वहिनींवर काय गुदरले हे त्यांनी फार थोड्यांना सांगितले आहे. एकदा चहा गाळताना पातेले सुटून त्यांच्या पायावर उकळता चहा सांडला आणि त्या ओट्याखाली कोसळल्या. दादा आवाज ऐकून आत आला, त्यांच्या अंगावरून पाय टाकून पलीकडे गेला, फळीवरून साखरेचा डबा काढला, दोन चमचे साखर तोंडात टाकली आणि ‘चहा परत टाक’ म्हणून बाहेर निघून गेला. भाजलेला पाय पुढे बरा झाला. पण पंचवीस वर्षांच्या संसारात आपण या माणसाला ओळखलेच नव्हते की काय, हा प्रश्न निदान होईपर्यंत त्यांना रात्रंदिवस पोखरत राहिला. दुसऱ्याचे दुखणे आपल्यापर्यंत पोहोचवणारे मेंदूतले भाग या आजारात आधी निकामी होतात, असे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले तेव्हा त्या दवाखान्यातच रडल्या. निदानाने दादाच्या आजारात तिळमात्र फरक पडला नाही, तरी वहिनींना त्यांचा आधीचा संसार परत मिळाला, असे मी म्हणेन.

पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांचे मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी काम करणारी संस्था आहे आणि डिमेन्शियाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांचे गटही आहेत. अशाच एका गटाला वहिनी गेल्या. तिथे बहुतेक जण ऐंशीच्या घरातल्या आईवडिलांना सांभाळणारे होते आणि आई मला ओळखत नाही याचे दुःख सांगत होते. वहिनींची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आमचे हे सगळ्यांना ओळखतात. त्यांना कोणाचे काही वाटत नाही, एवढेच.’ लोकांनी आपुलकीने ऐकले, पण त्यावर काय बोलावे हे कोणालाच सुचले नाही. वहिनी तरीही जातात, आणि जातात हे चांगले आहे.

आजार थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही. आल्झायमरसाठी दिली जाणारी डोनेपेझिलसारखी औषधे इथे उपयोगी पडत नाहीत, उलट काहींचे वागणे त्यांनी बिघडते; नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी हट्ट आणि अस्वस्थता थोडी आवरते. बाकीचा उपचार म्हणजे वहिनींनी बसवलेली घडी. साखर कुलपात असते. एटीएम कार्ड काढून घेतले आहे आणि खात्यात बेताचीच रक्कम ठेवलेली असते. दादाला रोज दुपारी चार वाजता एरंडवण्यातून डेक्कनपर्यंत एकाच बाजूच्या पदपथाने जाऊन यायचे असते. त्याला अडवले की तो चिडतो, म्हणून अडवत नाहीत. वाटेतल्या मिठाईच्या दुकानात तो बरणीत हात घालून पेढे उचलतो. वहिनींनी तिथे आगाऊ पैसे भरून ठेवले आहेत आणि मालकांच्या हाती एक चिठ्ठी दिली आहे: ‘यांना मेंदूचा आजार आहे. कृपया ओरडू नये. दोन पेढे द्यावेत.’ ती चिठ्ठी मालकांनी गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे आणि दुकानातली मुले दादा दिसला की पेढे कागदात बांधून तयार ठेवतात. ज्यांचे आमच्याशी काही नाते नाही त्यांना हे एका चिठ्ठीने कळले, याचे मला अपार मोल वाटते.

नोकरीचे मात्र अजून अधांतरी आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सांगतो की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही; पहिले काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते आणि तसे काम नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीज जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवावे लागते. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकाही त्यात येतात. अडचण अशी की दादाचे निदान ठपक्यांनंतर झाले. आजार आधीपासून होता हे सिद्ध करायचे तर वागणूक कधी बदलली याच्या नोंदी लागतात, आणि ज्या आजाराला सगळे स्वभाव समजत होते त्याच्या नोंदी कोण ठेवणार? वहिनींकडे त्या आहेत, कारण त्या हिशेबाच्या वहीत रोजच्या खर्चाखाली एखादी ओळ लिहीत असत. ‘आज काउंटरवर भांडण झाले म्हणे.’ ‘आज शेजाऱ्यांना विनाकारण पाच हजार दिले.’ मसुद्यातल्या साऱ्या तारखा त्या वहीतून आल्या आहेत. मी भाषा थोडी सारखी केली; मजकुराला हात लावण्याची गरज नव्हती.

चौकशीपेक्षाही भाचीचा प्रश्न मला जड वाटतो. आमचे वडील गेले ते हाताची ताकद जाऊन, मग बोलणे आणि गिळणे जाऊन. त्या काळी त्याला मज्जातंतूंचा आजार म्हटले गेले आणि तिथेच विषय संपला. डॉक्टरांनी हे ऐकले आणि पेन खाली ठेवले. 2011 मध्ये सापडलेला सी-नाइन-ऑर्फ-72 नावाच्या जनुकातला एक दोष काही घराण्यांमध्ये एका माणसात मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा, आजार घडवतो आणि दुसऱ्यात दादासारखा डिमेन्शिया. तो दोष दादात निघाला तर त्याच्या मुलीला तो असण्याची शक्यता 50 टक्के आहे, आणि तो वडिलांकडून आला असेल तर माझ्याही बाबतीत तेवढीच. आधी दादाचे रक्त तपासायचे, आणि घरातल्या निरोगी माणसांनी समुपदेशनाशिवाय तपासणी करून घ्यायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

भाचीचे लग्न ठरण्याच्या बेतात आहे. अहवाल येईपर्यंत मुलाकडच्यांना काही सांगू नये असे वहिनींचे म्हणणे आहे, आणि त्यांची धास्ती मला समजते. पण मला भाचीचे म्हणणे पटते. ती म्हणाली, ‘आत्या, बाबांचा आजार लपवला तर ते लोक बाबांना वाईट माणूस समजतील.’ गुरुवारी ती मुलाला भेटून सगळे सांगणार आहे, जनुकाच्या शक्यतेसकट. वहिनींना दुपारी चारच्या फेरीमुळे घर सोडता येत नाही, म्हणून तिच्यासोबत मी जाणार आहे आणि डॉक्टरांच्या पत्राची एक प्रत बरोबर नेणार आहे.